हायवे जवळून जातो म्हणजे गिऱ्हाईक दारात येतं असं नाही: कोल्हापूर, सांगली आणि मिरजेकडून शिकण्यासारखं



गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा आहे: "मॅडम, हायवेटच गाळा मिळतोय, घेऊ का?" प्रत्येक वेळी मी उलटा प्रश्न विचारते, "गिऱ्हाईक हायवेवरून तुमच्या दारात येणार कसं?" बहुतेक जण यावर गप्प होतात. व्हिडिओत या विषयावर मी दहा मिनिटं बोलले, पण हिशेब आणि उदाहरणं नीट मांडता आली नाहीत. ती इथे देते. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझी चूक

दादानं आणि मी पॅकिंगच्या साहित्याचं दुसरं दुकान काढलं होतं. बॉक्स, टेप, पाऊच, सुतळी, पिशव्या. नाक्याजवळचा गाळा, समोरून बस, ट्रक, ट्रॅक्टर सगळं जायचं. भाडं महिना १२ हजार. पोरगा आणि लाइटबिल मिळून ८ हजार. दिवसाला सरासरी ९ हजारांची विक्री, त्यात १५ टक्के सुटायचे. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३५,१०० रुपये. खर्च वजा जाता १५,१०० हातात. नव्या दुकानाला हे वाईट नव्हतं.

मग रस्ता चौपदरी व्हायला लागला. आम्ही खूष! पेढे वाटायचेच बाकी होते. काम संपलं, मधे डिव्हायडर आला आणि आमच्या समोरचा कट बंद झाला. वळायला पाऊण किलोमीटर पुढे जावं लागायचं. आमची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं पलीकडच्या बाजूची होती: बेकरीवाले, मसालेवाले, मिठाईवाले. दोन टेपच्या रोलसाठी दीड किलोमीटरचा वळसा कोण घालणार? विक्री ३,५०० वर आली. सुटायचे १३,६५० आणि खर्च २० हजार. म्हणजे महिन्याला ६,३५० रुपये खिशातून. अकरा महिने आम्ही "आज ना उद्या कट उघडेल" म्हणत ओढलं, मग शटर खाली. रॅक, बोर्ड, अडकलेला माल धरून दोन लाखांच्या आसपास गेले.

रस्ता पहिल्यापेक्षा छान झाला होता. गाड्याही वाढल्या होत्या. फक्त त्या आमच्यासाठी थांबत नव्हत्या. मी बीबीए केलेलं, 'लोकेशन'वर परीक्षेत पानभर उत्तर लिहिलेलं, पण त्या रस्त्याचा नकाशा बघायला कुणाकडे गेले नव्हते. तेव्हापासून मी रस्ता, रेल्वे आणि धंदा हा विषय डोळसपणे बघायला लागले. त्यासाठी आपल्याच भागातली तीन गावं पुरेशी आहेत. सांगली ते मिरज साधारण १० किमी, आणि तिथून कोल्हापूर ५० किमीच्या आत. तिन्ही शहरं एवढी जवळ, पण तिन्हींचा धंदा वेगळा. असं का झालं, ते बघू.

धडा १: जिथे वाटा मिळतात तिथे माणूस थांबतो

मिरज स्टेशनावर उभं राहून बघा. एक लाइन पुण्याकडे, एक कोल्हापूरकडे, एक बेळगाव-हुबळीकडे, आणि एक पंढरपूर-कुर्डुवाडीकडे. चार दिशा एका जागी येतात. जंक्शन म्हणजे नुसता फलाट नसतो. गाडी बदलायला उतरलेल्या माणसाला चहा लागतो, खोली लागते, रिक्षा लागते, आणि आजारी असेल तर डॉक्टर. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशन हॉस्पिटल उभं केलं. लांबून, विशेषतः उत्तर कर्नाटकातून, रुग्णांना रेल्वेनं थेट येता येत होतं. चांगला डॉक्टर आणि यायला सरळ गाडी या दोन्ही गोष्टी जुळल्या आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. मग त्यामागे मेडिकल स्टोअर, लॅब, खानावळ, लॉज असा सगळा बाजार आला.

एप्रिल २०१६ मधली लातूरची पाण्याची रेल्वे आठवते? लातूरला प्यायला पाणी नव्हतं. पहिली गाडी दहा वॅगनमध्ये सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन निघाली, ती मिरजेहून. कारण कृष्णेचं पाणी जवळ होतं आणि लातूरकडे जाणारी लाइन इथूनच होती. संकटात जो रस्ता कामाला येतो, तोच रोजच्या धंद्यातही कामाला येत असतो.

आपल्यासाठी अर्थ: गाव किती मोठं आहे एवढंच बघू नका. तिथे लोक कशासाठी उतरतात ते बघा. एसटी स्टँड, जंक्शन, वडापच्या जीप भरतात तो कोपरा. उतरलेल्या माणसाकडे वेळ असतो आणि गरजही असते. हायवेवरून ८० च्या स्पीडनं जाणाऱ्याकडे दोन्ही नसतं.

धडा २: वाहतुकीचा निर्णय आणि बाजाराचा निर्णय एकत्र घ्यावा लागतो

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. कोल्हापूर संस्थानानं ती आपल्या पुढाकारानं आणली. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही बाजारपेठ वसवली, ती स्टेशनाला लागून. गुळाचा व्यापार तिथे आला. शेतकऱ्याची बैलगाडी, अडत्याची पेढी आणि रेल्वेची वॅगन, तिन्ही हाकेच्या अंतरावर. पुढे याच रेल्वेमार्गावर त्यांनी जयसिंगपूर वसवलं. आजही जयसिंगपुरातले आखीव, सरळ रस्ते बघितले की कळतं, हे गाव ठरवून व्यापारासाठी मांडलेलं आहे.

नुसती रेल्वे आणली असती तर गूळ स्टेशनापर्यंत पोचेपर्यंतच हमाली आणि गाडीभाड्यात पैसे गेले असते. रेल्वेसोबत पेठ आली म्हणून कोल्हापूरचा गूळ लांब जाऊ शकला.

दुसरं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. बेळगावात जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. साल १९१०. निवडुंगाचं माळरान होतं. पण लोखंड उतरवायला आणि नांगर पाठवायला रेल्वे दारात होती. जमीन ओसाड असली तरी चालते, कारण ती आपण बदलू शकतो. रेल्वे आपल्याला हलवता येत नाही.

धडा ३: जड आणि स्वस्त माल हायवेला जातो, हलका आणि महाग माल आत तग धरतो

कोल्हापूरची कारखानदारी आधी शहरात, शिवाजी उद्यमनगरात वाढली. लेथ, ऑइल इंजिनचे सुटे भाग, छोटी फाउंड्री. पुढे एमआयडीसी कुठे आल्या बघा: शिरोली, गोकुळ शिरगाव, मग कागल-हातकणंगले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल, तिन्ही नावं पुणे-बंगळूर हायवेवरची (जुना एनएच ४, आताचा ४८). फाउंड्रीत पिग आयर्न, भंगार, वाळू आत येते आणि कास्टिंग बाहेर जातं. सगळंच वजनदार. ट्रक शहरातल्या बोळात शिरला की तास गेला.

आता सांगली. सांगली या हायवेवर नाही. पेठ नाक्यावरून आत वळायचं, आष्ट्यामार्गे चाळीस-पंचेचाळीस किमी. तो रस्ता वर्षानुवर्षं खराब, हे सांगलीकरांचं जुनं दुखणं. चौपदरीकरण आलं ते खूप उशिरा. तरीही हळदीचा मोठा बाजार म्हणून नाव घ्यायचं तर लोक सांगलीचंच घेतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. हळद, बेदाणा यांचे सौदे इथे होतात. हायवे नसताना बाजार टिकला कसा?

हिशेब करू. समजा, दीड टनाचा टेम्पो हायवे सोडून ४५ किमी आत येतो आणि परत जातो. ९० किमी झाले. किलोमीटरला १८ रुपये खर्च धरा. एकूण १,६२० रुपये. १,५०० किलोवर वाटले तर किलोला १ रुपया ८ पैसे.

- माल १५० रुपये किलोचा असेल, तर हा जादा खर्च किमतीच्या पाऊण टक्क्याहूनही कमी.
- माल १२ रुपये किलोचा असेल, तर तोच खर्च ९ टक्के!

बघितलंत? रस्ता तोच, टेम्पो तोच. हळदीच्या व्यापाऱ्याला जे खुपत नाही, त्यानं स्वस्त मालवाल्याचा सगळा नफा खाल्ला. आणि सांगलीकडे रस्त्याशिवाय दुसरी ताकद होती: पिढ्यान्‌पिढ्यांचे अडते, माल पारखणारी माणसं, हरिपूरची हळद साठवायची पेवं, वेळेवर पैसे मिळण्याचा विश्वास. विश्वास आणि पारख टेम्पोत घालून दुसऱ्या गावी नेता येत नाही.

आपल्यासाठी अर्थ: आपल्या मालाचा किलोमागे भाव काढा. तो कमी असेल (पाण्याच्या बाटल्या, विटा, पशुखाद्य, पुठ्ठा) तर रस्त्याशी तडजोड करू नका. जास्त असेल (मसाले, दागिने, मोबाइल रिपेअरिंग, शिवणकाम) तर हायवेचं महाग भाडं द्यायची गरजच नाही. तेच पैसे कारागीर आणि मालावर लावा.

धडा ४: घाऊक आणि किरकोळ, दोघांचा रस्ता वेगळा

कोल्हापूरजवळचं गांधीनगर बघा. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि त्यातून गांधीनगर उभं राहिलं. आज ती कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. जवळ रेल्वे, जवळ हायवे, आणि खाली कोकणात, गोव्याकडे उतरणारे घाट कोल्हापूरच्याच अंगणातून जातात: आंबा, गगनबावडा, फोंडा, पुढे आंबोली. कोकणातला दुकानदार सकाळी निघतो, गाठोडं बांधतो, रात्री घरी. तो वर्षातून बऱ्याचदा येतो, मोठी खरेदी करतो. म्हणून शहराच्या मध्यात नसलं तरी चालतं.

पण साडीचं किरकोळ दुकान असतं तर? ताईला महाद्वार रोडला अंबाबाईचं दर्शन घेऊन, भवानी मंडपात फिरून, चालत चालत चार दुकानं बघायची असतात. तिथे गाडी लावायला जागा नाही, तरी गर्दी हटत नाही. घाऊकवाल्याला ट्रक लागतो, किरकोळवाल्याला पाऊल लागतं. पहिल्यानं दुसऱ्याची जागा घेतली की दोघंही फसतात.

धडा ५: 'जवळून जाणं' आणि 'प्रवेश असणं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, माझे पैसे इथेच गेले.

समृद्धी महामार्ग घ्या. मुंबई-नागपूर ७०१ किमी. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. कितीतरी गावांच्या शिवारातून तो जातो. पण त्यावर कुठूनही चढता येत नाही. ठरलेल्या इंटरचेंजवरूनच आत-बाहेर. दुचाकीला, ट्रॅक्टरला परवानगी नाही. कुंपणापलीकडे तुमचं हॉटेल असलं तरी गाडीवाल्याला ते फक्त दिसतं. इंटरचेंजजवळच्या गावाला नागपूर आणि मुंबई जवळ आली. दोन इंटरचेंजच्या मधल्या गावाच्या वाट्याला फक्त आवाज आला.

म्हणून कुणी "हायवेटच" म्हणालं की विचारा, कुठल्या प्रकारचा?

- जुना दुपदरी रस्ता: कुठेही थांबता येतं. छोट्या दुकानाला चांगला. पण उद्या रुंद होऊ शकतो.
- डिव्हायडरचा चौपदरी: एका बाजूचंच गिऱ्हाईक धरा. कट आणि सर्व्हिस रोड बघा.
- उड्डाणपूल होणारा चौक: काम चालू असताना धूळ आणि पत्रे, नंतर गाड्या डोक्यावरून.
- बायपास: लांबचा ट्रक गावाबाहेरून जाणार. जुन्या रस्त्यावरचा ढाबा आणि पंक्चरवाला अडचणीत. पण गावातल्या किरकोळ दुकानांना फायदाही होतो, कारण ट्रक गेले की माणसं मोकळी चालायला लागतात.
- प्रवेश-नियंत्रित महामार्ग: इंटरचेंज नसेल तर तुमच्यासाठी तो नाहीच.

धडा ६: एकाच रस्त्यावर जगू नका

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेवर पाणी आलं आणि तो जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. ट्रकच्या रांगा लागल्या, शहरात पेट्रोल आणि भाजीची चणचण झाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा काही दिवस बंद. ज्या हायवेनं कोल्हापूर वाढवलं, तो थांबला तेव्हा शहराचा श्वास अडकला.

आपल्या पातळीवर याचा अर्थ एवढाच: पावसाळ्याआधी १०-१२ दिवसांचा चालणारा माल जादा ठेवा. दोन वेगवेगळ्या दिशांचे सप्लायर ठेवा, एक पुण्याकडचा असेल तर एक बेळगावकडचा. आणि गाळा घेताना शेजारच्या म्हाताऱ्या काकांना विचारा, "२०१९ ला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?" ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. ब्रोकर दाखवणार नाही.

धडा ७: नकाशावरची रेघ म्हणजे रस्ता नव्हे

नवा महामार्ग जाहीर झाला की जमिनीचे भाव आधी पळतात, रस्ता मागून येतो. कधी मार्ग बदलतो. शक्तिपीठ महामार्गाच्या बाबतीत कोल्हापूर-सांगली भागात शेतकऱ्यांचा केवढा विरोध झाला ते आपण बघितलं. त्यांची बागायती जमीन जाणार, त्यांची बाजूही आपण समजून घ्यायला हवी. कोल्हापुरातल्या रस्त्यांसाठी लावलेला टोलही मोठ्या जनआंदोलनानंतर रद्द झाला. म्हणजे वाहतुकीचे निर्णय फक्त इंजिनिअर घेत नाहीत. सरकार, शेतकरी, व्यापारी, सामान्य माणूस, सगळ्यांच्या ओढाताणीतून ते ठरतात आणि बदलतातही. घोषणेवर कर्ज काढून जागा घेऊ नका. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर थोडा जास्त भाव द्यावा लागला तरी ते परवडतं.

गाळा घेण्याआधी ही यादी भरा

१. माझं गिऱ्हाईक चालत, दुचाकीवर, एसटीनं की टेम्पोनं येतं?
२. ते रस्त्याच्या कुठल्या बाजूनं येतं? उलट बाजूनं येणाऱ्याला किती मीटर वळसा पडतो?
३. जवळचा कट कायम राहणार आहे का? संबंधित बांधकाम खात्याच्या ऑफिसात जाऊन मंजूर नकाशा बघितला का? (मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो.)
४. रुंदीकरणात पुढची पायरी, बोर्ड किंवा गाळाच जाणार आहे का?
५. टेम्पो उभा करून माल उतरवायला जागा आहे का?
६. माझ्या मालाचा किलोमागे भाव किती आणि वाहतूक त्याच्या किती टक्के?
७. विक्री निम्म्यावर आली तर किती महिने तग धरीन?
८. भाडेकरारात "रस्त्याच्या कामामुळे प्रवेश बंद झाल्यास एका महिन्याच्या नोटिशीवर गाळा सोडता येईल" असं कलम आहे का?

आठवा प्रश्न अधोरेखित करा. आमच्या करारात हे कलम नव्हतं. उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापलं गेलं, आणि कागदावर ते बरोबरच होतं.

गृहपाठ

तुमच्या मनात असलेल्या जागेसमोर तीन वेळा अर्धा-अर्धा तास उभे राहा: सकाळी १०, दुपारी ३, संध्याकाळी ७. एक बाजारदिवस, एक साधा दिवस. वहीत दोन रकाने करा, "गेले" आणि "थांबले". एक काठी म्हणजे एक गाडी किंवा माणूस. ब्रोकर तुम्हाला पहिला रकाना सांगेल. भाडं भरायला पैसे दुसऱ्या रकान्यातून येणार आहेत.

आमच्या पहिल्या दुकानासमोरचा कट अजून बंदच आहे. आता दुकान आतल्या पेठेत आहे, रस्ता अरुंद, समोरून ट्रक जात नाही. पण बेकरीवाले आणि मसालेवाले चालत येतात. दादा परवा तिथे बसून काठ्या मारत होता. अर्ध्या तासात "गेले" ४१, "थांबले" ९. नाक्यावर आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

तुमचे आकडे मला नक्की कळवा. जमलं तर पुढच्या व्हिडिओत दोघा-तिघांचे आकडे घेऊन आपण एकत्र हिशेब करू.